समध्यांची टोपली

भर पावसात ऑटो दारापुढे येऊन थांबला, तेव्हा लक्ष्मणराव आरशापुढे उभे राहून एक वाक्य घोकत होते. "समधी, लग्नाच्या तारखेबद्दल एक विनंती होती." वाक्य तसं बरं होतं, पण चेहरा साथ देत नव्हता. आरशातला माणूस विनंती करणारा कमी आणि पाकीट मारताना सापडलेला जास्त वाटत होता.

त्यात दिवस असा. एप्रिल महिना, आणि रात्रीपासून आभाळ फाटल्यासारखा पाऊस. वादळाने आधी वीज नेली आणि तिच्या पाठोपाठ मोबाइलची रेंज. भंडाऱ्याच्या त्या गल्लीत सकाळीच कंदील लावायची पाळी आली होती. पण बैठक ठरलेली. गुड फ्रायडेपासून ईस्टरच्या रविवारपर्यंत सगळ्यांना सुट्टी, म्हणून होणाऱ्या व्याह्यांनी, सिहोऱ्याच्या केशवरावांनीच, हे दिवस निवडले होते. त्यांच्या अमरचं आणि लक्ष्मणरावांच्या तेजस्विनीचं लग्न ठरून दोन महिने झाले होते. आता मुहूर्त पक्का करायचा होता, आणि केशवरावांनी अक्षय तृतीया सुचवली होती.

नेमकी तिथेच माशी शिंकत होती. तेजस्विनी इथल्या कॉन्व्हेंट शाळेत खेळाची शिक्षिका. स्वतः बेसबॉल खेळायची, आणि असं खेळायची की यंदा राज्याच्या संघात तिची निवड झाली होती. संघाचं शिबिर बरोबर अक्षय तृतीयेला सुरू होणार होतं. काल सरावाच्या सामन्यासाठी नागपूरला निघताना ती बापाला म्हणाली होती, "बाबा, तुम्ही बोलून ठेवा. तारीख पुढे जात नसन तं लग्नच पुढे जाईल, कायमचं. आन् लग्न झाल्यावरबी मी खेळीन, हेबी विचारून घ्या."

"अमरनं विचारलं नाई काय घरी?"

"तो कुठं बोलते, बाबा?"

हे खरं होतं. अमर मुलगा सोन्यासारखा, पण बोलण्याच्या बाबतीत भलताच काटकसरी. स्वतःच्या साखरपुड्यात तो एकूण दोनदा बोलला होता, आणि त्यातलं एकदा पाणी मागायला.

लक्ष्मणरावांची अडचण वेगळी होती. त्यांना कोणाला सरळ काही विचारायची सवयच नव्हती. त्यांचं हातमागाच्या कापडाचं दुकान होतं, आणि त्यांचा अभिमान असा की गिऱ्हाईक पायरी चढताना नुसता चेहरा पाहून ते ओळखत, याला लुगडं पाहिजे की उपरणं. "विचारते तो नवा दुकानदार," असं ते म्हणत. त्यांनी न विचारता काढून दाखवलेल्या उपरण्यांमुळे किती गिऱ्हाइकं लुगडं न घेताच परत गेली, याचा हिशेब मात्र त्यांनी कधी ठेवला नव्हता.

केशवराव ऑटोतून उतरले. त्यांच्यामागे त्यांची बायको सीताबाई, डोळे लाल, पदर नाकाला. केशवरावांच्या हातात गोणपाटाने झाकलेली बांबूची टोपली होती. ती त्यांनी लक्ष्मणरावांच्या हातात दिली, "घ्या समधी, तुमच्यासाठी आणलं," एवढंच म्हणाले आणि पाय धुवायला न्हाणीकडे गेले. टोपली हातातल्या हातात हलली. लक्ष्मणरावांनी गोणपाट उचलून पाहिलं. आत दोन ससे होते. एक पांढरा, एक काळ्या कानाचा.

लक्ष्मणरावांनी टोपली तशीच स्वयंपाकघरात नेली.

"अजी, हे काय?" त्यांच्या बायकोने, गीताबाईंनी विचारलं.

"समध्यांनी आणलं."

"कायले?"

लक्ष्मणरावांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. तिकडची रीतच आहे ती. नवा समधी पहिल्यांदा मुक्कामाला येतो तो हात हलवत येत नाही. बरोबर एखादा गावरान कोंबडा घेऊन येतो, आणि जे आणलं ते त्याच दिवशी चुलीवर चढतं. कापा म्हणून कोणी सांगत नाही. शिजवणारं घर समजून घेतं, आणि पहिला घास आणणाऱ्याच्याच ताटात पडतो. तो नाही वाढला तर समध्याचा अपमान.

"लोकं कोंबडा आणते," लक्ष्मणराव म्हणाले, "केशवराव मोठे शेतकरी. त्याईनं ससे आणले."

गीताबाईंनी टोपलीत पाहिलं. पांढऱ्या सशाने दोन्ही पंजे वर घेऊन तोंड पुसलं आणि मग त्यांचा हात चाटला. झालं, तिथेच सगळं बिनसलं.

"मी नाई शिजवत," गीताबाई म्हणाल्या. "तुमी कापसान काय?"

"मी? उभ्या जन्मात मी कापडाशिवाय काई कापलं नाई."

"मंग जाऊन सांगा, आमच्यानं होत नाई म्हणून."

"सांगून? आन् त्याच तोंडानं तारीख पुढं ढकला म्हणू? पोट्टीचं शिबिर पाहिजे ना तुले? आज त्याईचं मन दुखलं तं संपलं सगळं."

दोघं एकमेकांकडे पाहत बसली. ससे दोघांकडे पाहत बसले. तेवढ्यात सीताबाई दारात आल्या. पदराने डोळे पुसत त्या टोपलीजवळ बसल्या, एकेका सशाला उचलून पोट चाचपलं आणि कातर आवाजात म्हणाल्या, "उपाशी हाये जी ते. थोडा पालक असन तं द्या. आता शेवटचाच."

त्या गेल्यावर गीताबाईंनी कपाळावर हात मारला. "पाहिलं काय? वजन पाहून राहिली बाई! वरून अजून खाऊ घाल म्हणते!"

"तिचे डोळे काहून लाल हाये?"

"भुकेनं," गीताबाई म्हणाल्या. "बाहेर चला, विचार करू."

विचार गीताबाईंनीच केला. आणायचा कोंबडा, करायचा असा झणझणीत रस्सा की खाणाऱ्याला स्वतःचं नाव आठवू नये, आणि वाढायचा ससा म्हणून. खरे ससे पाहुणे जाईपर्यंत लपवायचे. कुठे? तर तेजस्विनीच्या बेसबॉलच्या मोठ्या पिशवीत. काल पाऊस पाहून ती जुनं सामान घेऊन गेली होती. नवी बॅट आणि शिबिरासाठी जपून ठेवलेला चामड्याचा मोठा हातमोजा मागच्या खोलीत त्या पिशवीतच होता. सशांना त्यात बसवलं, हवेसाठी चेन अर्धी उघडी ठेवली, पालकाची जुडी आत टाकली आणि दार ओढून घेतलं.

लक्ष्मणराव छत्री घेऊन गुडघाभर पाण्यातून धनीरामच्या दुकानात गेले. धनीराम कोंबड्या विकायचा आणि चौकशा फुकट करायचा.

"कोणाचा पाहुणचार, मालक?"

"समध्यांचा." लक्ष्मणराव थोडे घुटमळले. "काहो, सशाच्या अन् कोंबड्याच्या मटणात फरक काय असते?"

धनीरामने सुरी थांबवली. "सशाले चार तंगड्या असते, मालक."

हे लक्ष्मणरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन ससे म्हणजे आठ. एका कोंबड्यावर भागणार नव्हतं. "मंग चार कोंबडे कापा," ते म्हणाले, "आन् आठ तंगड्या मोजून द्या."

"आन् पंख?"

"पंख अजिबात नोको!"

धनीरामने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होता, इतके दिवस हा माणूस बरा वाटत होता. पण त्याने काही विचारलं नाही, कारण चार कोंबडे एकदम विकले जायचा असा पावसाळी दिवस त्याच्या नशिबी रोज येत नव्हता.

लक्ष्मणराव घरी आले तर बैठकीत केशवराव एकटेच खिडकीतून पाऊस पाहत बसले होते. लक्ष्मणरावांच्या हातातली ठिबकणारी पिशवी पाहून त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

"झालं काय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"झालं, झालं. आता जास्त वेळ नाई."

"त्रास नाई ना झाला?"

"काईच नाई. धनीरामचा हात साफ हाये."

केशवरावांनी मोठ्याने आवंढा गिळला. लक्ष्मणरावांनी चेहरा वाचला. भूक लागली होती समध्यांना, तीही कडकडून. तारखेचं आता काढावं का, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण उपाशी माणसाकडे मागणं मागू नये, आधी दोन घास पोटात जाऊ द्यावेत, असं म्हणून ते वाक्य त्यांनी पुन्हा गिळलं.

दुपारी ताटं मांडली. बाहेर काळोख, आत कंदील, आणि मधोमध लालभडक रस्स्याचं पातेलं. गीताबाईंनी तुकडे इतके बारीक केले होते की तंगडी कुठली आणि बरगडी कुठली हे देवालाही ओळखता आलं नसतं. आठ तंगड्यांचा खर्च फुकट गेला म्हणून लक्ष्मणराव मनातल्या मनात हळहळले. पहिला घास रीतीप्रमाणे समध्यांचा. सगळे त्यांच्या हाताकडे पाहू लागले.

केशवरावांनी भाकरी मोडली. रस्स्यात बुडवली. तोंडाजवळ नेली. परत खाली ठेवली. सीताबाईंच्या डोळ्यांतून तर घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"तिखट झालं काय जी?" गीताबाईंनी घाबरून विचारलं.

"नाई," सीताबाई हुंदका देत म्हणाल्या, "अजून खाल्लंच नाई."

"आज शुक्रवार हाये ना," केशवराव एकदम म्हणाले. "शुक्रवारी मी खात नाई."

लक्ष्मणरावांनी मनात हिशेब केला. साखरपुडा शुक्रवारीच झाला होता, आणि त्या दिवशी याच केशवरावांनी मटणाचा रस्सा पाच वेळा मागून घेतला होता. म्हणजे शुक्रवार हा बहाणा होता. माणूस शेतातला, रानातला. वासावरूनच ओळखलं असणार की हा ससा नव्हे. फसवणूक कळली, अपमान झाला, शिबिर गेलं, लग्न गेलं. एका रस्स्यात सगळं बुडालं.

तेवढ्यात मागच्या खोलीत काहीतरी दणकन पडलं आणि गडगडत दारापर्यंत आलं.

"आत कोण हाये?" केशवरावांनी विचारलं.

"मांजर," लक्ष्मणराव म्हणाले.

"बॅट," त्याच क्षणी गीताबाई म्हणाल्या.

केशवराव आळीपाळीने दोघांकडे पाहू लागले. लक्ष्मणरावांचा धीर सुटला. ते ताटावरून उठले आणि हात जोडून उभे राहिले. "समधी, माफ करा. तुमी ओळखलं, आता लपवून काय फायदा? हे तुमचे ससे नाई. कोंबडा हाये."

पातेल्यातून वाफ येत राहिली.

"कोंबडा?" सीताबाई म्हणाल्या.

"चार कोंबडे," लक्ष्मणरावांनी खरं ते सांगून टाकलं. "आमच्या हातून ससे कापणं झालं नाई. तुमी इतक्या हौसेनं आणले, पण हिचा हात चाटला त्यानं..."

सीताबाई अशा ताडकन उठल्या की ताट उलटं झालं. "मंग माझा सोन्या कुठं हाये? माझी बुगडी कुठं हाये?"

कंदील घेऊन चौघंही मागच्या खोलीत शिरली. पिशवी आडवी पडली होती, बॅट दारात होती आणि ससे नव्हते. मग जी धावपळ झाली ती वर्णन करण्यासारखी नाही. केशवराव पलंगाखाली शिरले आणि तिथेच अडकले. गीताबाईंनी "आ, आ" करून कोंबड्यांना बोलावतात तसं सशांना बोलावलं. लक्ष्मणरावांनी कापडाच्या गठ्ठ्यांमागे हात घातला आणि त्यांच्या हाताला काहीतरी मऊ, गरम लागलं. तेजस्विनीचा हातमोजा होता तो. त्यात सोन्या आणि बुगडी एकमेकांना चिकटून बसले होते आणि मोज्याची चामडी वादी मन लावून कुरतडत होते. अंगठा तर त्यांनी आधीच संपवला होता.

सीताबाईंनी मोज्यासकट दोघांना छातीशी धरलं आणि मोकळ्या गळ्याने रडल्या. लक्ष्मणरावांच्या डोक्यात आता नुसता गोंधळ झाला होता. "पण समधीन," ते म्हणाले, "हे पाळलेले हाये तं खायले काहून आणले?"

"आमी आणले?" पलंगाखालून केशवरावांचा आवाज आला. "तुमीच मांगतले ना! अमर म्हणे, तेजस्विनीकडे ससे पाहिजे, नेऊन द्या."

"कायले पाहिजे म्हणे?"

"ते म्या विचारलं नाई. नव्या सोयऱ्यानं तोंडानं मांगतलं तं कायले म्हणून विचाराव काय? हिले म्हणलं, खात असतीन त्या घरी, देऊन टाक. तीन दिवस झाले, रडून राहिली ते."

"आन् मी म्हणलं, तुमी खायले आणले!"

"मी खातो काय ससे? सोन्या माझ्याच ताटात जेवते!"

लक्ष्मणरावांनी समध्यांना पायाला धरून पलंगाखालून ओढून काढलं. दोघांच्याही डोक्यावर कोळ्याची जाळी होती. आधी गीताबाईंना हसू फुटलं, मग कोणालाच आवरेना.

त्याच वेळी दार वाजलं. तेजस्विनी आणि तिला आणायला नागपूरला गेलेला अमर, दोघंही नखशिखांत भिजून आत आले. सामना पावसाने धुऊन नेला होता. सशांना पाहून तेजस्विनीचा चेहरा खुलला. "आणले काय ससे? बरं झालं! रविवारी शाळेत ईस्टर हाये. लहान पोट्टे अंडे रंगवते, ते अंडे ससा आणते म्हणते, म्हणून त्याईले ससे दाखवायचे होते. दोन दिवसांसाठी मांगतले होते मी."

सगळे अमरकडे वळले. अमरने थोडा विचार केला. "हाव," तो म्हणाला.

"हे घरी सांगतलं काहून नाई?" केशवराव गरजले.

"विचारलं कोणी?"

मग तेजस्विनीला सशांखाली काय आहे ते दिसलं. अंगठा नसलेला मोजा तिने हातात घेतला, घालून पाहिला, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "बाबा, तारखेचं बोलले काय? का आता गरजच नाई?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासून आपण पोरीसाठी एवढं सगळं केलं, आणि करायचं ते एकच केलं नाही, हे लक्ष्मणरावांना लख्ख दिसलं. ते केशवरावांकडे वळले. सवयीने त्यांनी चेहरा वाचायचा प्रयत्न केला, पण त्या चेहऱ्यावर जाळ्यांशिवाय काहीच दिसेना. मग त्यांनी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ विचारलं.

"समधी, अक्षय तृतीया जमत नाई. पोरीचं शिबिर हाये. आन् लग्नानंतरबी ते खेळन. चालते काय?"

केशवरावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं.

"सांगा आता," सीताबाई म्हणाल्या. "शेतात उन्हाळी धान उभा हाये, अक्षय तृतीयेले कापणीच्या तोंडावर लग्न नोको, असं दोन महिन्यांपासून मी घोकून राहिली. तं हे म्हणते, पोरीकडच्यायचं मन दुखन, त्याईले तोच मुहूर्त पाहिजे असन."

"आमाले? मुहूर्त तुमी काढला ना!"

"तुमाले बरं वाटन म्हणून काढला," केशवराव म्हणाले आणि ओशाळून खाली पाहू लागले.

"आन् खेळणं?" तेजस्विनीने विचारलं.

सीताबाई सोन्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "तुह्या मायले माझे ससे कापवले नाई," त्या म्हणाल्या. "आता तिच्या पोरीचा खेळ मी बंद करू काय? खेळ बाई. फक्त हा मोजा आता याईलेच राहू दे, त्यात झोप चांगली लागते त्याईले."

तेजस्विनी वाकून त्यांच्या पाया पडली आणि उठता उठता तिने सोन्याच्या कानालाही हात लावला. मग चार कोंबड्यांचं पातेलं पुन्हा चुलीवर चढलं. केशवरावांनी शुक्रवार असूनही सहा वेळा रस्सा घेतला. तारीख धान कापून झाल्यावर आणि मृगाच्या आधीची ठरली. रविवारीही पाऊस थांबला नाही, पण शाळेच्या सभागृहात ईस्टर झाला, आणि सीताबाई दोन्ही ससे मांडीवर घेऊन खुर्चीत अशा बसल्या की मुलांना सशांपेक्षा त्यांचंच जास्त कौतुक वाटलं.

शिबिर जवळ आलं तेव्हाची गोष्ट. तेजस्विनी आपल्या जुन्या, झिजलेल्या मोज्यावर सराव करत होती आणि नवा कुठून आणायचा याची घरात चर्चा चालू होती. एका सकाळी दारापुढे ऑटो थांबला. केशवराव उतरले. हातात तीच बांबूची टोपली, वर तेच गोणपाट. ती त्यांनी लक्ष्मणरावांच्या हातात दिली, "घ्या समधी, तुमच्यासाठी आणलं," असं म्हणाले आणि पाय धुवायला निघाले.

लक्ष्मणरावांनी टोपली कानाशी नेली. ती हलत नव्हती. पण आता ते जुने लक्ष्मणराव राहिले नव्हते.

"थांबा समधी!" ते ओरडले. "आधी सांगा. खायचं, का पाळायचं?"

"हातात घालायचं," न्हाणीच्या दारातून केशवराव म्हणाले. "पोरीसाठी मोजा हाये. अमरले नागपूरले नेऊन घेतला."

लक्ष्मणरावांनी गोणपाट उचललं. आत कोऱ्या चामड्याचे दोन मोठे हातमोजे होते, एक डाव्या हाताचा आणि एक उजव्या.

"समधी, हे दोन कायले? एकाच हातात घालते ते."

"हाव, दुकानदारबी तेच म्हणे," केशवराव म्हणाले. "पण कोणत्या हातात, ते पोरीले कसं विचाराव? म्हणून दोन्हीबी आणले."